सतरा नंबरचा चेहरा

आमच्या कामात पहिली गोष्ट शिकवतात ती चेहरा कोरा ठेवायची. समोरच्यानं बरोबर उत्तर दिलं तरी मान हलवायची नाही, चुकलं तरी भुवई हलू द्यायची नाही. 'शाब्बास' तर अजिबात नाही. 'बरं' एवढंच म्हणायचं, आणि तेही प्रत्येक उत्तराला एकाच सुरात. मला हे जमायला तीन महिने लागले. सुटीत देगलूरला घरी गेले की आई विचारायची, "काय गं, तोंड असं काय करून बसलीस? लातूरला कुणी काय बोललं का?"

मी मानसशास्त्रीय चाचण्या घेते. आमच्याकडे येणारे लोक याला 'मेंदूची मोजणी' म्हणतात, आणि मीही आता दुरुस्त करत नाही. या अंकासाठी लिहा असं सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. मला रिपोर्ट लिहिता येतात. रिपोर्टात 'मला वाटतं' असं लिहायची मुभा नसते. इथं ती आहे असं कळलं, म्हणून धीर केला. नीट सांगता येईल की नाही माहीत नाही.

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. वडील शिंपी. देगलूरचं गिऱ्हाईक तेलुगू बोललं तर तेलुगू, कानडी बोललं तर कानडी, असं त्यांचं सगळ्यांशी जमायचं. मी नांदेडला बीएला मानसशास्त्र घेतलं ते आवड म्हणून नाही, अर्थशास्त्राच्या खिडकीपुढची रांग फार मोठी होती म्हणून. वडिलांना विषयाचं नाव सांगितलं. ते म्हणाले, "माणसाच्या मनाचं माप घेतेत का त्यात?" मी हो म्हणाले. "मंग बरं हाय," ते म्हणाले, "आपलाच धंदा हाय."

एमए बाहेरून करत होते तेव्हाच लातूरला आमच्या सरांच्या केंद्रात लागले. केंद्र म्हणजे क्लासच्या गल्लीतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली झेरॉक्सचं दुकान, वर मुलांचं होस्टेल. ते दिवस क्लासच्या भराचे होते. आज मोकळा दिसणारा प्लॉट सहा महिन्यांनी होस्टेल झालेला असायचा. नांदेड, उदगीर, अहमदपूर, कुठून कुठून आईबाप दहावी झालेली पोरं घेऊन उतरायचे, आणि अकरावीला कुठल्या बॅचला घालायचं ते ठरवायला त्यांना आमचा एक आकडा हवा असायचा. सरांना तो आकडा द्यायला आवडायचं नाही. पण खोल्यांचं भाडं त्याच आकड्यावर निघायचं.

एक वडील मुलाला बाहेर बसवून माझ्याकडे आले होते. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमच्याच हातात हाय. चार-पाच मार्क वाढवून द्या की. पोरगं हुशार हाय, फक्त त्याला उत्तरं येईनात." मी चेहरा कोरा ठेवला. ते काय समजले कुणास ठाऊक, उठताना म्हणाले, "बरं, दोन वाढवा."

चाचण्या असतात कशा, ते थोडक्यात सांगते. एक असते ठोकळ्यांची. लाल-पांढरे ठोकळे असतात, कागदावर नक्षी असते, ती ठोकळ्यांनी जुळवायची आणि मी स्टॉपवॉच दाबायचं. दुसरी चेहऱ्यांची. बत्तीस कार्डं, प्रत्येकावर एका माणसाचा फोटो, आणि खाली चार शब्द. त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते चारांतून ओळखायचं. कार्डं बाहेरून आलेली, फोटोतली माणसं मोठ्या शहरातली, आणि शब्द कुणीतरी कोशात बघून मराठी केलेले. 'खिन्न' म्हटलं की पोरं विचारायची, "म्हंजे टेन्शन का?" मला हो म्हणायची परवानगी नव्हती. उत्तराचा पर्याय आणि लागलेले सेकंद, एवढंच मी लिहायचं. आणि एक नियम पक्का: त्यानं निवड केली की 'का' असं विचारायचं नाही. कारण विचारलं की माणूस पुढच्या कार्डाला उत्तर देत नाही, कारण तयार करत बसतो. सर म्हणायचे, "आपण कारण विचारलं की चाचणी आपली होते, त्याची राहत नाही."

चेहऱ्यांच्या चाचणीत आपोआप होणारी गोष्ट मोजतात. आपण समोरच्याकडे बघतो आणि तो रागावलाय हे आपल्याला कळतं, ते कसं कळलं ते सांगता येत नाही. काही माणसांना ते असं आपोआप येत नाही. एकदा चाळिशीचे एक कारकून आपण होऊन आले होते. हिशोबात पक्के, बायको-मुलं असलेले. म्हणाले, "लोक माझ्याशी बोलताना घड्याळाकडे का बघतात, हे मला कधी कळलं नाही. मग मी मोजायला लागलो. तीनदा बघितलं की आपण उठायचं." ते सांगताना माझ्या मनगटाकडे त्यांचं लक्ष होतं. मी घड्याळ काढून खणात ठेवलं. त्या दिवशी ते दीड तास बोलले.

पण मला सांगायचंय ते बसूबद्दल.

बसू, म्हणजे बसवराज, खालच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला होता. दुकान त्याच्या मामांचं. तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता, उंच, अंगानं भरलेला, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. क्लासच्या नोट्सचे गठ्ठे पानवार लावायचं काम त्याच्याकडे. तीनशे पानांचा संच तो असा लावायचा की बघत राहावं. मध्येच एक पान ओढून काढायचा, "एकशे बारा दोनदा आलंय," आणि ते खरंच दोनदा आलेलं असायचं. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे तो बघायचा नाही. घाई करणाऱ्या एका प्राध्यापकांना तो म्हणाला होता, "तुमचं दुसरं बटण तिसऱ्या काजात आहे." सगळं दुकान हसलं. मामा धावत पुढे आले, "माफ करा सर, भूकंपाचं लेकरू हाय."

हे 'भूकंपाचं लेकरू' आमच्याकडे फार चालायचं. किल्लारीच्या बाजूचं कुणी उशिरा बोललं, कुणी झोपेत दचकलं, कुणाचं लग्न टिकलं नाही, की धक्क्यानं झालं असं म्हणायचं आणि पुढे विचारायचं नाही. बसूचं गाव किल्लारीपासून जवळच. भूकंपात त्याचे वडील गेले आणि मोठी बहीण महानंदा गेली. तो आणि आई वाचले. तेव्हा तो दहा वर्षांचा होता, महानंदा सोळा.

एक दिवस मामाच त्याला जिना चढवून वर घेऊन आले. "मॅडम, ह्याचं एकदा बघाच. हुशार हाय का येडा हाय, ते कागदावर लिहून द्या. मला रोज दोन्ही वाटतं."

बसूनं ठोकळ्यांची शेवटची, सगळ्यात अवघड नक्षी लावली तेव्हा मला स्टॉपवॉच दाबायचं भान राहिलं नाही. इतक्या वेगानं ती लागताना मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. मी 'बरं' म्हणाले. माझा सूर बदलला असणार, कारण त्यानं पहिल्यांदा मान वर केली.

चेहऱ्यांना मात्र तो अडला. पस्तावलेल्या माणसाचं कार्ड दाखवलं तर म्हणाला, "याच्या चष्म्यात खिडकी आहे. खिडकीला सहा गज." मी शून्य लिहिलं. संध्याकाळी भिंग घेऊन बघितलं. गज सहाच होते. तक्त्यात गजांसाठी रकाना नव्हता. हे मी सरांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ ते कार्ड बघत बसले आणि म्हणाले, "त्याला भाग दिसतात, बेरीज दिसत नाही असं आपण लिहिणार. आपल्याला नुसती बेरीज दिसते, त्याचे मार्क कोण कापतं?"

मग सरांनी त्याच्या आईला बोलावून घेतलं. कलावतीबाई. मी त्यांना मावशी म्हणायचे. औशाहून एसटीनं आल्या, हातात ओल्या शेंगांची पिशवी. सरांनी विचारलं, "हा असा कधीपासून आहे?"

त्यांनी आधी दाराकडे बघितलं, भाऊ बाहेर आहे ना ते. मग म्हणाल्या, "खरं सांगू का साहेब? आधीपासून. चार वर्साचा व्हता तवापासून. चिंचोके वळीनं मांडायचा, एक सरकवला की दिवसभर रडायचा. भूकंपाचं काय बी न्हाई त्यात."

"मग भूकंपामुळं झालं असं सगळे का म्हणतात?"

"लोक म्हनले, म्या बी म्हनू दिलं. आधी पोरं त्याला दगडं मारायची. भूकंपाचं म्हनल्यावर मारायची बंद झाली."

सरांनी तपासणीच्या कागदावर ऑटिझम असं लिहिलं, कंसात स्वमग्नता. मावशींना समजावून सांगितलं की हा आजार नाही, धक्का नाही, त्याची बघायची रीतच वेगळी आहे आणि ती जन्मापासूनची आहे. त्या ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हंजे माझं चुकलं न्हाई." सर म्हणाले, "नाही." त्यांनी दोन्ही हात जोडले आणि पिशवीतल्या शेंगा टेबलावर ओतल्या.

जाताना त्या बाकावर माझ्याजवळ बसल्या. "बाई, ते फोटो दाखवता की त्याला. त्याला वळखू येतेत का तोंडं?"

"तशी नाही येत, मावशी. पण बारीक बारीक सगळं दिसतं."

"मंग एक इचारा त्याला. माझी महानंदा कशी दिसायची ते."

मला आधी समजलंच नाही. त्यांनी पदर तोंडाशी नेला. "त्याच्या बापाचा फोटो हाय, सोसायटीच्या कार्डावरचा. हिचा एक बी न्हाई. काढलाच न्हवता. शाळेत सगळ्या पोरींचा काढला व्हता, ती शाळाच गेली. आधी डोळे मिटले की दिसायची. आता वेणी दिसती, परकर दिसतो, विहिरीकडनं येताना दिसती. तोंडाच्या जागी नुसता उजेड." मग म्हणाल्या, "आईला लेकीचं तोंड आठवंना, कुनाला सांगू? बसूला सगळं आठवतं. जुन्या गावातल्या दारांच्या कड्या सांगतो त्यो. पर मी इचारलं की रिबीन सांगतो, बांगड्या सांगतो. तोंड म्हनलं की गप."

मी तेवीस वर्षांची होते. घरात पहिली शिकलेली. माझ्या शिक्षणाचा कुणाला तरी थेट उपयोग होईल असं पहिल्यांदाच समोर आलं होतं. दुसऱ्या दिवशी सर नांदेडला जाणार होते. मी म्हणाले, "उद्या या."

चाचणीचं साहित्य चाचणीखेरीज कशालाही वापरायचं नाही, असं डब्याच्या झाकणावरच छापलेलं आहे. मी बत्तीसच्या बत्तीस कार्डं सतरंजीवर मांडली. मावशी भिंतीला टेकून बसल्या. बसू कार्डांच्या कडेनं एकदा चालत गेला.

"बसू," मी म्हणाले, "यातलं कोण महानंदासारखं आहे?"

सवयीनं मी स्टॉपवॉच दाबलं होतं. चार सेकंद लागले. त्यानं सतरा नंबरच्या कार्डावर बोट ठेवलं.

'का' हा शब्द माझ्या तोंडात आला नाही. तीन महिने घासून घासून मी तो काढून टाकला होता. माणसानं निवड केली, मी नंबर आणि सेकंद मनात लिहिले, आणि म्हणाले, "बरं."

सतरा नंबरवर विशीतली एक मुलगी आहे. मान थोडी वळवलेली, केस कानामागे घेतलेले, नजर खाली. उत्तरपत्रिकेत तिचं उत्तर 'ओशाळलेली' असं आहे. मावशींनी कार्ड उचललं. त्यावर धूळ नव्हती तरी पदरानं पुसलं. खिडकीपाशी नेलं.

"हीच का रं?"

"हे सतरा नंबर आहे," बसू म्हणाला.

"हीच हाय," मावशी म्हणाल्या. "कपाळ हेच. हे बगा, कशी बगून राहिली. रागावलं की आशीच खाली बगायची. बया गं, महानंदा..." त्या रडायला लागल्या तशी बसूनं कानांवर हात ठेवले आणि जिना उतरून दुकानात निघून गेला. मी तिथंच उभी. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आठवत नाही, पण पोटात एक आनंद होता हे आठवतं, आणि त्याचीच मला आज जास्त लाज वाटते.

कार्ड देता येत नव्हतं. मी ते पुस्तकात घालून रऊफचाचांच्या फोटो स्टुडिओत नेलं. भूकंपानंतर त्यांनी अशी खूप कामं केली होती. रेशनकार्डावरचा, लग्नातल्या घोळक्यातला, मिळेल तो चेहरा मोठा करून भिंतीवर लावायजोगा करून द्यायचे. त्यांनी कार्ड उजेडात धरलं.

"किस की बच्ची है, बाई?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"अपने तरफ की नहीं लगती. बाल देखो, कैंची से काटे वे हैं."

"चाचा, तिच्या आईनं ओळखलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "अम्मा पहचानी बोले तो हमे कौन बोलनेवाले." मग म्हणाले, "बोलो तो टिकली लगा देता." त्यांनी कार्डावरच्या नुसत्या चेहऱ्याचा मोठा फोटो केला आणि त्यावर ब्रशनं बारीक टिकली लावली. फ्रेम स्वतःच्या हातानं ठोकून दिली. मावशी ती फ्रेम पदराखाली धरून एसटीत बसल्या.

हे मी सरांना सांगितलं नाही.

दीड वर्षानं बसूला सरकारी प्रमाणपत्राच्या कामासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागली. मी एक-एक कार्ड उलटत होते. आतल्या खोलीत सर लिहीत बसलेले, दार उघडं. सतरा नंबर आलं. मी ठरलेलं वाक्य म्हणाले, "हिच्या मनात काय चाललंय?"

"ही आमच्या घरी भिंतीवर आहे," बसू म्हणाला. "आई तिला महानंदा म्हणते. ही महानंदा नाही."

स्टॉपवॉच चालूच होतं.

"तूच दाखवली होतीस ना?" हेसुद्धा मी विचारायला नको होतं.

"तुम्ही विचारलं सारखं कोण आहे. मी दाखवलं. ही महानंदा नाही."

तेव्हा तरी 'का' विचारायचं. एकच अक्षर आहे ते. पण आत सर होते, चाचणी अर्ध्यावर होती, आणि मी नियम पाळणारी मुलगी होते. मी 'बरं' म्हणाले, शून्य लिहिलं आणि अठरावं कार्ड उलटलं. आज मी चाचणी घेऊन झाली, साहित्य डब्यात गेलं, की मग चहा मागवते आणि एक-एक उत्तराचं कारण विचारते. तक्त्यात त्याला जागा नाही, म्हणून मी मागच्या बाजूला लिहिते. अशी पाठीमागून भरलेली पानं माझ्याकडे कपाटभर आहेत. पुढच्या बाजूच्या आकड्यांपेक्षा माणूस तिथंच जास्त सापडतो असं मला वाटतं. पण हे शहाणपण त्या दोन दिवसांनंतरचं आहे, आणि ते दोन दिवस मला परत हवे आहेत. फार काही नको, ते चार सेकंद आणि त्यानंतरचा एक प्रश्न.

त्याच आठवड्यात रविवारी मी औशाला उतरले आणि तिथून जीपनं बसूच्या गावाला गेले. तोही रविवारी घरी असायचा. गाव भूकंपानंतर वसवलेलं, नवं, सरळ रस्त्यांचं, सगळी घरं एका मापाची, भिंतीवर नंबर. मावशी ओट्यावर डाळ पाखडत होत्या. "या, या, बाई आल्या," म्हणत त्यांनी सूप बाजूला ठेवलं. आत भिंतीवर दोन फोटो होते. एक बसूच्या वडिलांचा. दुसरा तिचा. दोन्हींना ताजी फुलं.

बसू खाली बसून पत्र्याच्या डब्यातले स्क्रू मापानं वेगळे करत होता. मी पाणी प्यायले आणि जे ठरवून आले होते ते बोलायला लागले. नीट बोलता आलं नाही. म्हणाले, की ती महानंदा नाही, ती कुणी परकी मुलगी आहे, फोटोसाठी बसवलेली, चूक माझी आहे, बसूची नाही.

मावशींनी मला मध्येच थांबवलं. "त्यानं तिसऱ्याच दिवशी सांगितलं की. घरी आला की सांगतो. फुलं घालताना बी सांगतो."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

"म्हाईत न्हवतं आसं कसं म्हनू. त्या दिवशी मला दिसली, ते बी खोटं न्हाई. घरी आनली आन् हळूहळू त्यातनं महानंदा गेली." त्या फोटोकडे बघत होत्या. "मंग वाटलं, काढून काय करू. ती बी कुनाची तरी लेकच आसंल. राहू दे म्हनलं."

"मावशी, माझं फार चुकलं."

"चुकलं तर," त्या म्हणाल्या. "पर माझ्या लेकीचं नाव घेऊन कुनी इतकं धावाधाव केली न्हवती. बसा. च्या ठेवते."

त्या चुलीकडे वळल्या. मी बसूजवळ खाली बसले. तिथं स्टॉपवॉच नव्हतं, कागद नव्हता.

"बसू, त्या दिवशी सतरा नंबरच का दाखवलास?"

त्याच्या हातातला स्क्रू थांबला. "कान," तो म्हणाला.

"कान?"

"डावा कान. वरची कड दुमडलेली. पाळी गालाला चिकटलेली. भोक मधे नाही, खाली आहे. सोनार टोचत होता तेव्हा ती हलली म्हणून. तिचा कान तसाच होता." तो एका सुरात बोलत होता, नोट्सची पानं लावताना बोलायचा तसा. "जेवताना मी तिच्या डावीकडे बसायचो. रोज तोच कान असायचा. भाकरी चावली की कान हलायचा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं दुसऱ्या बाईचं आहे."

चुलीपाशी भांड्याचा आवाज थांबला होता. मावशी उठल्या. भिंतीपाशी गेल्या, फुलं बाजूला केली, फ्रेम खाली काढली आणि ती घेऊन दारातल्या उजेडात बसल्या. आधी त्यांनी दोन बोटं त्या मुलीच्या डोळ्यांवर ठेवली. मग पूर्ण पंजा पसरला. कपाळ झाकलं, नाक झाकलं, ओठ झाकले, रऊफचाचांनी लावलेली टिकली झाकली. हाताच्या कडेला फक्त कान राहिला, आणि कानामागचे चार केस.

खूप वेळ त्या तेवढंच बघत होत्या.

"हाव," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "म्याच धरलं व्हतं तिला, टोचताना."

बसू स्क्रू टाकून त्यांच्या शेजारी येऊन बसला. मावशींनी त्याच्याकडे बघितलं नाही. हातही काढला नाही.

"अजून सांग," त्या म्हणाल्या. "जेवताना आजून काय करायची ती?"